मोरीपासून भट्टीपर्यंत

आमच्या विहारात पोरांना मार्गदर्शन करायला एक साहेब आले होते. गळ्यात टाय, हातात रंगीत कागदं. म्हणाले, हॉटेल लाईनीत लई संधी आहे, पाहुण्याचं स्वागत हसून करायला शिका, जग फिराल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागं सतरंजीवर बसलेली. मला हसू आलं, ते शेजारच्या बाईनं बघितलं अन् अंक काढणाऱ्या पोरांच्या कानावर घातलं. झालं. दुसऱ्या दिवशी पोरं दारात. "आजी, तुम्ही हॉटेलात होतात ना? जयंतीच्या अंकासाठी लिहा काहीतरी, नवीन पोरांना उपयोग होईल."

उपयोग कसला डोंबलाचा. पण लिहिते. चौथी शिकलेली आहे मी, बोलते तसंच लिहिणार. शुद्ध करून छापायचं असेल तर छापूच नका.

मी जालन्याकडची. लग्न होऊन मुंबईला आले अन् तिथलं भाडं झेपेना म्हणून भाईंदर पूर्वेला. आमचे मालक स्टीलच्या भांड्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. एक दिवस प्रेसनं उजव्या हाताची बोटं घेतली. कारखानदारानं स्टीलचा एक डबा भेट दिला अन् म्हणाला, बरं वाटलं की या. तो डबा अजून घरात आहे, झाकण नीट बसत नाही त्याचं. मालक घरी बसले अन् मी फाटकाजवळच्या एका हॉटेलात कामाला लागले.

हॉटेल पुढून बघितलं तर काय दिसतं? गल्ला, गल्ल्यावर शेठ, उदबत्ती, भिंतीवर 'अतिथी देवो भव'. त्याच्या मागं भटारखाना, म्हणजे जिथं शिजतं ती जागा. अन् भटारखान्याच्या मागं मोरी. अतिथी देव झाला ना, की त्याचं उष्टं काढायला कोणीतरी लागतं. त्या कोणीतरीची जागा म्हणजे मोरी. वर पत्रा, खाली शेवाळ, दिवसभर पाण्यात पाय. काथ्या, राख अन् सोडा. सोड्यानं हाताची सालं निघायची. थंडीत बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या अन् त्यात मिरचीचं पाणी जायचं. पोळी मोडून घास घेताना डोळ्यात पाणी यायचं, तर मालक म्हणायचे, "आपल्या दोघांत मिळून एक चांगला हात नाही."

गिऱ्हाईकं तर एकेक नग. शांती नगरचे सेक्टर तेव्हा नुकते उठत होते. गिरगाव-दादरची खोली विकून आलेली माणसं रविवारी बायका-पोरं घेऊन यायची. एक गृहस्थ होते, ऑफिसात असावेत. मेनू कार्ड अख्खं मोठ्यानं वाचायचे, पोरांना प्रत्येक पदार्थाची माहिती द्यायचे, अन् मागवायचे एक डोसा. मग सांबार परत, सांबार परत, चटणी परत. वेटर मोरीवर येऊन वाट्या आपटायचा. "मावशी, सांबारानं आंघोळ करतोय तो आज." जाताना ते गल्ल्यावर सांगायचे, "सर्व्हिस सुधारा." मी म्हणायचे, सुधारा बाबा, वाट्या धुऊन माझं मनगट सुधारलंच आहे.

पण मोरीवर एक गोष्ट मिळाली. भांडी धुता धुता मला स्वयंपाक कळायला लागला. आचारी काय चुकतो ते त्याच्या तोंडावर दिसत नाही, कढईच्या बुडाला दिसतं. डाळ खाली लागली म्हणजे झारा फिरवायचा सोडून बिडी ओढत बसला. तेलाचा काळा कडक थर आला म्हणजे तेल जुनं. दुधाच्या टोपाला पिवळट साय चिकटली म्हणजे आच मोठी. मी खरवडायचे अन् मनात धरायचे. त्या वेळेपासून मला भट्टी पाहिजे होती. मोठेपणा म्हणून नाही. भट्टीजवळ हात कोरडे राहतात. अन् भट्टीवरच्या माणसाला, तो कितीही बावळट असू दे, लोक 'महाराज' म्हणतात. मोरीवालीला 'ए' म्हणतात.

मीरा रोडला बिल्डिंगी वाढल्या तशी लग्नाची हॉलं निघाली. मी एका केटररकडे गेले. हा शेठ सफारीवाला, पान खाणारा, बोलायला गोड. गुजराती-मारवाडी लोकांची लग्नं तो करायचा. जैन लोकांची बी. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, बटाट्याच्या जागी कच्ची केळी, अन् संध्याकाळचं जेवण सूर्य बुडायच्या आत उरकायचं. त्याच्याकडं बायांना तीन कामं. मोरी, भाजी निवडणं अन् पुऱ्या-रोटल्या लाटणं. लाटणाऱ्या बाया रांगेनं बसायच्या. त्यांच्यात सुमनताई होती, चिपळूणकडची, आपल्यातलीच. नवीन माणसानं नाव विचारलं की म्हणायची, "मी सुमन. पुढचं देवाला माहीत." अन् मला म्हणायची, "अनुसया, तू बी तोंड शिवून ठेव. पीठ मळताना आडनाव लागत नाही."

मला शिवावं लागलं नाही कारण मला कोणी विचारलंच नाही. मोरीवालीचं आडनाव कोण विचारतो?

भट्टीवर रामदीन महाराज होता, राजस्थानचा. हात चांगला, जीभ वाईट. लग्नसराईच्या ऐन मोसमात शेठशी भांडला अन् पंचा खांद्यावर टाकून निघून गेला. पुऱ्याच्या तेलाला धूर सुटलेला, बाहेर वऱ्हाड, अन् शेठ हॉलच्या मागं इकडून तिकडं चकरा मारतोय. मी हात पुसले अन् भट्टीशी उभी राहिले.

"अरे, तू क्या कर रही है?"

"तेल जळतंय, शेठ. आधी पुऱ्या काढू द्या, मग ओरडा."

त्या दिवशीचं जेवण मी काढलं. उंधियो, डाळ, कढी, सगळं. सुमनताई लाटता लाटता माझ्याकडं बघून पदरात हसत होती. वऱ्हाड जेवून तृप्त. शेठ पान चघळत आला, म्हणाला, "बाई, हाथ अच्छा है. सीझनभर भट्टी तू संभाल. लेकिन एक बात. कोई पूछे तो बोलना, महाराज की बहन. आगे कुछ नहीं बोलना."

मी हो म्हणलं नाही अन् नाही बी म्हणलं नाही. झारा हातात होता, तो सोडायचा नव्हता.

तो मोसम मी भट्टीवर काढला. हाताच्या चिरा भरून आल्या. मालक म्हणाले, "आता तुझा हात धरला तर टोचत नाही." एवढी एकच पगारवाढ मला आयुष्यात मिळाली म्हणा. बाहेर माणसं बोटं चाटत होती, आत येऊन "महाराज कुठायत?" विचारत होती, अन् शेठ सांगत होता, "महाराज जरा आराम करत आहेत." मी तिथंच उभी. घामानं निथळलेली बाई म्हणजे महाराज असू शकते हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. आंधळी माणसं. लाडूतली वेलची ओळखतात, लाडू वळणारी दिसत नाही.

मग एका जैन घरातलं लग्न आलं. नवरीची पणजी, सगळे तिला 'बा' म्हणायचे. पांढरी साडी, पाठीत वाकलेली, काठी टेकत थेट भटारखान्यात. बाकीची म्हातारी माणसं एसीत बसतात, ही भट्टीसमोर स्टूल मागून बसली. शेठ मागं मागं, "बा, इधर गरमी है, बा."

बानं त्याच्याकडं बघितलं नाही. मला म्हणाली, "तारुं नाम शुं?"

"अनुसया."

"आखुं नाम बोल."

पूर्ण नाव. इतक्या वर्षांत मला हॉटेल लाईनीत पहिल्यांदा कोणी पूर्ण नाव विचारलं. शेठ बाच्या डोक्यावरून मला डोळ्यांनी खुणा करतोय. सुमनताईचं लाटणं थांबलं. भट्टी गेली तर परत सोड्याचं पाणी, हे मला कळत होतं. पण म्हाताऱ्या माणसानं समोर बसून विचारलं तर तिला महाराजाची बहीण काय सांगायची? रामदीनची बहीण व्हायला मला काय आईबाप नव्हते?

"अनुसया कांबळे," मी म्हणलं. "आम्ही बौद्ध, बा."

बा माझ्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी गाळ्युं?"

पाणी गाळलं का, एवढंच.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. जुन्या वळणाची जैन माणसं पाणी दुहेरी जाड फडक्यातून गाळून घेतात, पाण्यातले बारीक जीव मरू नयेत म्हणून. अन् फडक्यात जे राहतं, त्याला 'संखारो' म्हणतात, ते गटारात टाकायचं नाही. ज्या पाण्यातून आलं त्याच पाण्यात हळूच सोडायचं. रामदीननं हे कधी केलं नव्हतं. तो फडकं पिंपावर वाळत घालायचा, दाखवायला. मी भट्टीवर आल्यापासून गाळत होते. पार्टी पैसे जैन जेवणाचे देते, मग जेवण जैन पाहिजे.

"गाळलं, बा."

"संखारो क्यां छे?"

मी तांब्या दाखवला. झाकून ठेवला होता. बानं आत बघितलं, खूश झाली. "पाणी क्यांथी?"

इथं गाडी अडली. भाईंदरला तेव्हा पाणी कुठून यायचं? टँकरनं! टँकर सकाळी रिकामा होऊन निघून गेलेला. त्यानं कुठल्या विहिरीतून भरलं देव जाणे. बा म्हणाली, मग त्या विहिरीत नेऊन सोडा. शेठ हसला. बा हसली नाही. तिनं मुलाला हाक मारली, मुलानं जावयाला, जावयानं ड्रायव्हरला. शेवटी नवरीचे काका, कोट, फेटा, खिशाला गुलाब, मारुतीत बसले, मांडीवर माझा तांब्या, अन् टँकरवाल्याला शोधत घोडबंदरकडं निघाले. हॉलमध्ये त्यांना फोटोसाठी शोधतायत अन् ते विहीर शोधतायत. सुमनताई तोंडात पदर कोंबून म्हणाली, "बाई गं, आपल्या लग्नाला घोडा नव्हता, हिथं जंतूंना मोटार." मी बी हसले. पण खोटं का बोलू, मला ती म्हातारी आवडली. तिचं जे होतं ते ती शेवटापर्यंत नेत होती. बाकीचे अर्ध्यात सोडणारे.

काका रिकामा तांब्या घेऊन आले तेव्हा बानं पान वाढायला सांगितलं. माझ्या हातची रोटली, माझी डाळ. सूर्य बुडायच्या आत जेवली.

वऱ्हाड गेलं अन् शेठनं मला बाजूला घेतलं. "तुला सांगितलं होतं ना, आगे कुछ नहीं बोलना?"

"त्यांना चाललं, शेठ."

"आज चाललं. उद्याची पार्टी नाही बोलेल तर? मेरा धंदा है. कल से मोरी पे जा. और सुन, पाणी के पिंप के पास नहीं आना."

ज्याला खायचं होतं त्याला चाललं, विकणाऱ्याला चाललं नाही. ही हॉटेल लाईन.

तुम्ही म्हणाल, आजी, तेव्हाच का नाही सोडलं? बोलायला सोपं आहे. मालकांना बोटं नव्हती, पोरं शाळेत होती. राग आला तर गिळायचा, घरी तेवढंच एक फुकट मिळायचं. मी मोरीवर गेले. भट्टीवर नवीन महाराज आला. पोट मोठं, शेंडी मोठी, आच कळत नव्हती. त्याच्या कढया खरवडताना मला रोज कळायचं आज काय जळलं. जेवणाऱ्यांना बी कळत असणार. शेठ त्यांना सांगायचा, "महाराज काशी के हैं." काशीचे म्हणलं की करपलेलं बी गोड लागतं लोकांना.

पुढच्या मोसमात त्याच घरातलं दुसरं लग्न आलं, पणतूचं. मी मोरीवर, मध्ये अर्धी भिंत. काठीचा आवाज आला अन् मी ओळखलं. बा आणखीनच वाकली होती. स्टूलवर बसली अन् शेठला विचारलं, "पेली बाई क्यां?"

ती बाई कुठाय.

"गाव गयी, बा," शेठ म्हणाला. "छोड़ के गयी."

मी भिंतीपलीकडं कढईत कोपरापर्यंत हात घालून उभी. त्याच्या आवाजात एवढं सुद्धा अडखळणं नाही. माणूस मेला म्हणून सांगताना बी लोक जरा थांबतात.

मी तशीच बाहेर आले. हाताला राख, पदर खोचलेला. "मी इथंच आहे, बा."

बानं शेठकडं बघितलं नाही. मला म्हणाली, "पाणी गाळ्युं?"

"मला माहीत नाही, बा. मी भांडी घासते."

बानं नवीन महाराजाकडं बघितलं. त्यानं पिंपावरच्या फडक्याकडं बोट केलं. फडकं कोरडं खडखडीत. बा म्हणाली, आधी पाणी गाळा, मग भट्टी पेटवा, नाहीतर माझ्या घरचं कोणी जेवणार नाही. वरात दारात येत होती, बँडचा आवाज यायला लागला. शेठचा चेहरा पडला. मला म्हणाला, "बाई, जा, गाळ लवकर."

"पिंपाजवळ यायचं नाही म्हणालात, शेठ."

"अरे, अभी वो सब छोड़!"

"तुम्ही सोडा. मी धरून बसले आहे."

शेठ बाच्या कानाशी वाकला. हळू बोलला पण भटारखान्यात हळू असं काही नसतं. म्हणाला, बा, आप समझी नहीं, ये लोग कौन हैं आपको मालूम नहीं.

बा मोठ्यानं म्हणाली, "एणे मने मोढे कह्युं हतुं. तें कह्युं गाम गई."

तिनं मला तोंडावर सांगितलं होतं. तू सांगितलंस गावाला गेली.

 बा काठी टेकून उठली अन् फडकं स्वतः उचललं. रेशमी साडीतली म्हातारी, पिंपाशी. फडकं दुहेरी केलं पण एकटीला ते ताणून धरता येईना. फडकं ताणून धरायला दोन माणसं लागतात. ती माझ्याकडं बघत राहिली.

शेठसाठी मी केलं नसतं. मी हात धुतले, जाऊन फडक्याची दुसरी बाजू धरली. सुमनताई न सांगता उठली अन् कळशी ओतायला लागली. ओतता ओतता नवीन महाराजाला म्हणाली, "सरका महाराज, कांबळे अन् जाधव पाणी भरतायत." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून जाधव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पाण्याच्या आवाजात बी ते शेठला ऐकू गेलं. महाराज सरकला. नवरदेवाची आई दारात येऊन उभी राहिली, बघून गेली. त्या पाण्यात डाळ शिजली, त्यात पीठ मळलं, ते सगळं वऱ्हाड जेवलं. कोणाला काही झालं नाही. जाताना बानं माझ्या ओल्या हातावर हात ठेवला. भट्टी मात्र महाराजाकडंच राहिली. बा काही हॉलची मालकीण नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेठ गोड बोलला. "बाई, अब काम कम है. सीझन खतम." मागं मांडववाले टेम्पोतून बांबू उतरवत होते, पुढच्या लग्नाचे. सुमनताईला बी त्यानं तेच सांगितलं. आम्ही दोघी रस्त्यानं चालत आलो. मला तिची काळजी वाटत होती, नोकरी माझ्यापायी गेली म्हणून. मी म्हणलं, "तू कशाला बोललीस?"

म्हणाली, "कंटाळा आला गं. रोज सकाळी उठून आठवायचं, आज मी कोण नाही."

मग आम्ही माझ्या घरी चुलीशी बसलो अन् पोळ्या द्यायला लागलो. ती लाटायची, मी भाजायची. मालक डाव्या हातानं पोळ्या मोजून फडक्यात बांधायचे. आजूबाजूच्या कारखान्यातली एकटी माणसं न्यायची, शांती नगरच्या नोकरीवाल्या बाया न्यायच्या. पहिल्या आठवड्यात एक बाई दारात आली, डबा पुढं केला अन् घरात इकडं तिकडं बघत म्हणाली, "तुम्ही कोण, कांबळे म्हणजे…?"

"बौद्ध," मी म्हणलं. "अन् ही जाधव. ती बी बौद्ध. किती पोळ्या?"

ती डबा घेऊन परत गेली. तवा तापलेला होता. मी पुढची पोळी टाकली.